कूलरची ताटी बदलायची कधी?

मार्च महिना लागला की वस्तीत गच्चीवरचे, न्हाणीमागचे, जिन्याखालचे कूलर एकेक करून बाहेर निघतात. कोणी पत्रा घासतो, कोणी गंजलेल्या भोकाला डांबर लावतो. चौदा एप्रिलसाठी आणलेल्या निळ्या रंगाचा डबा उरलाच तर कूलरलाही एक हात मिळतो. नागपूर, कामठी, वर्धा, चंद्रपूर, अकोला इकडच्या कष्टकरी घरात कूलर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सिमेंटच्या पत्र्याखाली राहणाऱ्याला अशा दिवसांत कूलरवाचून दुपार काढणे कठीण जाते.

कूलर घेताना आम्ही चार दुकाने फिरतो, पंख्याची पाती मोजतो, पंपाची गॅरंटी विचारतो. पण ज्या तीन ताट्यांच्या जोरावर हवा गार होते, त्यांच्याकडे एकदा लावल्यावर कोणी ढुंकून पाहत नाही. आम्हीही पाहत नव्हतो. ते आम्हाला महागात पडले, म्हणून आज या पानावर थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमचा धाकटा भाऊ हिंगण्याच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. सकाळी आठला घरी येतो, आंघोळ करून दोन घास खातो आणि झोपतो. म्हणजे सारे जग तापत असते तेव्हा त्याची रात्र असते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्याला झोपच लागेना. कूलर चालू, पाणी भरलेले, पंखा जोरात, तरी अंगाला हवा गरम लागे आणि खोलीत कुबट वास भरे. माय म्हणे, पाणी गरम आहे, बर्फ टाका. बर्फ टाकला. शेजारी म्हणाले, पंप कमजोर झाला. नवा पंप आणला. वासावर उपाय म्हणून टाकीत खसचे अत्तर टाकले. त्याने कुबट वास आणि अत्तराचा वास असे दोन्ही येऊ लागले. या भानगडीत आठ-दहा दिवस गेले. शेवटी एका रात्री भाऊ मशीनवर उभ्या उभ्या पेंगला. हाताला काही झाले नाही हे नशीब समजा, पण सुपरवायझरने पाहिले आणि दोन दिवस बिनपगारी घरी बसवले.

त्या दोन दिवसांत गल्लीतला कूलर दुरुस्त करणारा पोरगा आला. त्याने पंप हातात घेतलाही नाही. बाजूची जाळी काढली, बोटाने गवत दाबले, ते पापडासारखे कुडकुडले. मायला म्हणाला, "काकू, पंप काहून बदलला? पंप चांगलाच होता. ताटी मेली तुमची." ताटी दोन उन्हाळे जुनी होती. तिन्ही बाजूंच्या नव्या ताट्या एका दिवसाच्या मजुरीच्या आतबाहेर मिळाल्या. पंप, बर्फ, अत्तर आणि दोन दिवसांचा पगार यांचा हिशेब आम्ही करून पाहिला. तो इथे छापण्यासारखा नाही.

ताटी म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घेऊ. पूर्वी छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांना वाळ्याच्या मुळांच्या ताट्या लावीत आणि त्यांवर दिवसभर पाणी मारायला माणूस ठेवीत. आत बसणारा कोण आणि बाहेर उन्हात पाणी मारणारा कोण, हे सांगायला नको. आज ते काम पंप करतो. बाजारात आपण 'खस' म्हणून मागतो, पण हाती येते ती बहुधा लाकडाची लोकर असते, म्हणजे लाकडाचे बारीक, कुरळे तंतू जाळीत भरलेले. खरा वाळा महाग पडतो. नव्या कूलरना मधाच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे जाड कागदी पॅड येते, त्याला लोक हनीकोंब म्हणतात.

काम तिन्हींचे एकच. पंप पाणी वर चढवतो, ते छिद्रांच्या पन्हळीतून ताटीवर झिरपते, पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत ओढतो. जाता जाता पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्या हवेतूनच घेतली जाते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. म्हणजे हवा गार होते ती पाणी थंड असल्यामुळे नव्हे, पाणी उडून गेल्यामुळे. म्हणून बर्फाचा उपयोग फार थोडा. कडक कोरड्या दुपारी बाहेर ४३ अंश असताना चांगल्या ताटीचा कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो. ताटी हे दुसरेही काम करते, हवेतली धूळ अडवते. कोराडी-खापरखेड्याकडे वीजकेंद्राची राख उडते, घुग्गुस-बल्लारपूरकडे कोळशाची धूळ. ती सारी या गवतात अडकते आणि पाण्याबरोबर टाकीत उतरते.

पाणी उडून जाते, पण पाण्यातला क्षार उडत नाही. तो ताटीवर बसतो. नळाच्या पाण्यात कमी, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात जास्त. त्यावर धूळ चिकटते, तंतू कडक होतात, पाणी शोषीनासे होतात. ताटी मरते ती अशी. म्हणून एका घरची ताटी दोन महिन्यांत संपते आणि दुसऱ्या घरची सारा उन्हाळा काढते. 'दरवर्षी एकदा बदला' हा दुकानदाराचा नियम सोपा असला तरी बोअरचे पाणी वापरणाऱ्याला तो अपुरा पडतो, आणि नळाच्या पाण्यावर महिनाभरच कूलर चालवणाऱ्याला कधी कधी जादा. तारीख पाहू नये, ताटी पाहावी.

पाहायची कशी? कूलर बंद करून प्लग काढा आणि बाजूची जाळी उतरवा. मूठभर गवत दाबून पाहा. ओले असताना ते स्पंजासारखे दबून पुन्हा वर आले पाहिजे. कुडकुडले, पांढरी-पिवळी भुकटी हाताला लागली, तर ती ताटी गेली. तसेच, गवत बुळबुळीत हिरवे किंवा काळे लागले तर ते शेवाळ आणि बुरशी आहे. अशी ताटी एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवून पाहावी. पुन्हा लावल्यावर दुसऱ्या दिवशीही माशासारखा किंवा ओल्या पोत्यासारखा वास आला तर तिचा मोह सोडावा. घरात दमेकरी असेल, लहान मूल रात्री खोकत असेल, तर धुऊन पाहण्यातही दिवस घालवू नये. बुरशीच्या हवेने दमा बळावतो. (नव्या लाकडी ताटीला एक-दोन दिवस लाकडाचा वास येतो, त्याला घाबरायचे कारण नाही.)

दुसरी तपासणी पाण्याच्या धारेची. ज्या कूलरात पंखा आणि पंप यांची बटणे वेगळी आहेत, त्यात नुसता पंप दहा मिनिटे चालवावा आणि बाहेरून ताटी पाहावी, हात न लावता. सगळीकडे सारखी ओल हवी. कोरडा पट्टा दिसला तर तो कुठून सुरू होतो ते पाहा. अगदी वरून, छिद्राखालूनच कोरडा असेल तर छिद्र बुजलेले आहे. कूलर बंद करून दाभणाने किंवा तारेने ते मोकळे करा, ताटीचा दोष नाही. वर ओले आणि खाली कोरडे असेल तर मात्र गवत बसले आहे, पाणी त्यातून वाट काढू शकत नाही. हा फरक त्या पोराने आम्हाला दाखवला, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत दोन घरांच्या ताट्या वाचल्या.

तिसरी गोष्ट, गवत खाली सरकते. महिना-दीड महिना पाणी पिऊन ते जड होते, वरच्या बाजूला चार बोटांची पोकळी होते. बाहेरची गरम हवा शहाणी असते, ती ओल्या गवतातून कशाला जाईल, पोकळीतून सरळ आत घुसते. दिवसा खोलीत बसून पंख्याच्या जाळीतून बाहेर पाहावे. ताटीतून उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर ठीक. मोठी फट दिसली तर गवत घसरले आहे. अजिबात उजेड दिसत नसेल तर ताटी धुळीने चोंदली आहे. घसरलेली ताटी नवी असेल तर थोडे गवत विकत आणून वरून भरता येते, सगळी टाकून देण्याची गरज नसते.

एक खूण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पहिल्या आठवड्यात कूलरला दिवसाला किती बादल्या पाणी लागते ते मोजून ठेवावे. पुढे ऊन तेच, चालवण्याचे तासही तेच, पण पाणी कमी लागू लागले तर आपल्या बाया खूश होतात. नळाला रांग लावून पाणी भरणाऱ्या बाईला एक बादली वाचली याचा आनंद होणारच. पण न उडालेले ते पाणी म्हणजे न झालेला गारवा. ताटी काम करीत नाही असा त्याचा अर्थ आहे.

ताटीवर खर्च करण्याआधी आणखी एका गोष्टीची खात्री करून घ्या. कूलर खिडकीबाहेर असावा आणि समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी असावी. एका खोलीच्या घरात दुपारी आडोसा म्हणून दार बंद ठेवतात, मग आतली ओली हवा आतच फिरते आणि अंग चिकट होते. अशा खोलीत सोन्याची ताटी लावली तरी उपयोग नाही. जुना सुती पडदा लावून दार वीतभर उघडे ठेवा, तासाभरात फरक कळतो. मुंबईची पाहुणे मंडळी बुद्ध जयंतीला येतात, आमचा कूलर पाहून तसाच तिकडे घेऊन जातात आणि मग फोनवर तक्रार करतात की हवा गार होत नाही. त्यात कूलरचा आणि ताटीचाही दोष नाही. मुंबईची हवा आधीच दमट, तिथे पाणी उडायला जागाच नाही.

आता नवी ताटी कधी लावायची ते सांगतो. आपल्याकडे मार्चमध्ये कूलर काढला की त्याच दिवशी नवी ताटी लावण्याची रीत आहे. मार्चचे ऊन बेताचे असते, जुन्या धुतलेल्या ताटीवरही निभते. नवी ताटी मार्चपासून क्षार खात राहते आणि मेच्या अखेरीस, ज्याला लोक नवतपा म्हणतात त्या दिवसांत, ती नेमकी म्हातारी झालेली असते. सर्वात वाईट दिवसांत सर्वात वाईट ताटी! आम्ही आता उलटे करतो. मागच्या वर्षीची ताटी दाबून चांगली वाटली तर धुऊन, वाळवून मार्चमध्ये लावतो आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात नवी बसवतो. जुनी ताटी कडक झालेली असेल तर मात्र हा कंजूषपणा करू नये. ज्यांच्याकडे बोअरचेच पाणी आहे त्यांनी दोनदा बदलण्याची तयारी ठेवावी. हनीकोंबला जरा जास्त आयुष्य असते, दोन-तीन हंगाम निघतात. पण त्याचे कागदी पापुद्रे मऊ पडून दुमडू लागले किंवा क्षाराने छिद्रे बुजली की तेही गेले. त्याला तारेच्या ब्रशने घासू नका, फाटते.

आठवड्यातून एकदा टाकीतले सगळे पाणी उपसून टाकले तर ताटी बरीच जास्त टिकते. पाणी उडत जाते तसा उरलेल्या पाण्यात क्षार साठत जातो, आणि आपण त्यातच नवे पाणी ओततो. घरोघरी पाणी टंचाई असताना पाणी फेकायला जीव होत नाही, हे आम्ही जाणतो. ते पाणी संडासात, अंगण धुवायला वापरता येते. पण ते काढलेच पाहिजे, आणि त्याचे कारण नुसते ताटीचे आयुष्य नाही. डेंग्यूचा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असे आरोग्य खाते सांगते ते याचसाठी. अंडी पाण्याच्या रेषेजवळ टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून चालत नाही, टाकीची आतली बाजू काथ्याने किंवा ब्रशने घासली पाहिजे. रविवारी विहारात जाण्याआधी पंधरा मिनिटांचे काम आहे, घरातल्या मोठ्या मुलाकडे सोपवावे. मुलींनीच करावे असे काही नाही.

सकाळी कूलर बंद करताना आधी पंप बंद करून पंखा वीस मिनिटे तसाच फिरू द्यावा. ताटी कोरडी होते, वास धरत नाही.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. आमच्या कूलरला हात लावला की मायच्या बोटांना झिणझिण्या येत. "थोडासा करंट मारते," म्हणत ती स्लीपर घालून पाणी भरी. आम्हीही हसण्यावारी नेले. ताट्या बदलायला आलेल्या त्या पोरानेच पंपाची वायर सोललेली आणि ओल्या गवताला टेकलेली दाखवली. सॉकेटला अर्थिंग नव्हते. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, हातात पाण्याची बादली, यात थोडासा करंट असे काही नसते. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत घरातल्या बाया आणि खेळणारी पोरे असतात. तेव्हा पाणी भरताना, ताटी दाबून पाहताना, छिद्रे साफ करताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा. तीन पिनांचा प्लग हवा, अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि जमल्यास मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्यावा. घर भाड्याचे असेल तर घरमालकाशी भांडूनही हे करून घ्यावे. झिणझिण्या आल्या त्या दिवशीच कूलर बंद ठेवा, एक रात्र उकाड्यात काढलेली बरी.

नवी ताटी विकत घेताना ती उन्हाकडे धरून पाहा. गवत सगळीकडे सारखे भरलेले असावे, कोपरे विरळ नसावेत. फार ठासून भरलेली जाड ताटीही घेऊ नका, पंख्याला हवा ओढता येत नाही. आणल्यावर रात्रभर पाण्यात भिजवून ठेवा आणि ते पिवळट पाणी फेकून द्या, नाहीतर ते टाकीत उतरते. जुन्या ताटीची प्लास्टिकची जाळी गवतासकट अंगणात जाळू नये, त्या धुराने शेजारच्यांचे डोळे चुरचुरतात.

आता आपल्याही काही घरांत हप्त्यांवर घेतलेला एसी आला आहे. त्याची गोष्ट सोपी आहे, पण तीही कोणी सांगत नाही. एसीचे पुढचे झाकण वर उचलले की आत प्लास्टिकची बारीक जाळी असते. तीच त्याची ताटी. ती बदलायची नसते, धुवायची असते. फाटली तरच नवी. एसी बंद करून, प्लग काढून ती ओढून घ्यावी, नळाच्या पाण्याने उलट बाजूने धुवावी, सावलीत पूर्ण वाळवून लावावी. रोज चालत असेल तर पंधरवड्याला, रस्त्यालगत घर असेल तर आठवड्याला. हवेचा जोर कमी झाला, आतून पाणी ठिबकू लागले, नळ्यांवर बर्फ धरला, की गॅस भरायला माणूस बोलावण्याआधी ती जाळी काढून पाहा. कित्येकदा गॅस जागेवरच असतो आणि धूळ जाळीवर. चोंदलेल्या जाळीने एसी जास्त वेळ चालतो आणि विजेचे बिल वाढते.

जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस पडले, हवा ओली झाली, की कूलर बंद करावा. त्या दिवसांत तो नुसता दमटपणा वाढवतो. तसाच पाण्यासकट खिडकीत राहू देऊ नका. ताट्या काढून वाळवाव्या, दाबून पाहाव्या, चांगल्या असतील त्या जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकाव्या. टाकी घासून, पुसून, कूलर पावसाचे पाणी साचणार नाही असा आडवा करून झाकून ठेवावा.